इग्बो घरांतली नीतिमूल्यं भिंतीवर शोधू नका, कोण कुठे बसतं ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा: आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला डिझर्टेशनसाठी "पारंपरिक इग्बो वास्तुकला आणि नीतिमूल्यं" हा विषय मिळालाय, गाइड म्हणतात सिम्बॉलिझमवर लिहा, आणि विचारणाऱ्याला मनातून वाटतंय की माती-गवताच्या घरात ऊन-पाऊस सोडून वेगळा विचार तो काय असणार. उत्तर लांब होणारे, चहा घेऊन बसा. मी मातीच्या बांधकामात बावीस वर्षं आहे, त्यातली साडेतीन वर्षं नायजेरियात काढली, इग्बो लोकांच्या आग्नेय भागात, मुक्काम एनुगूला आणि कामं अनाम्ब्रा आणि इमो राज्यांत. मानववंशशास्त्र वगैरे मी शिकलेलो नाही, साइटवरचा माणूस आहे, त्यामुळे सांगतोय ते गवंड्याच्या बाजूनं.

आधी एक शब्द घ्या. इग्बो भाषेत कुटुंबाला म्हणतात "एझी ना उलो". एझी म्हणजे घराभोवतालचं आवार, अंगण, बाहेरची बाजू, उलो म्हणजे घर, आणि ना म्हणजे आणि. आपण नाही का विचारत, "घरदार कसं आहे?", आणि तेव्हा दाराच्या बिजागऱ्या कुणाच्याच डोक्यात नसतात. तसंच ते. म्हणजे भाषेतच कुटुंब आणि कंपाउंड एक आहे, त्यामुळे प्लॅन काढताना तुम्ही खोल्या मांडत नसता, नाती मांडत असता. हे मला कळायला एक क्लायंट गमवायची वेळ आली होती.

झालं असं की ऑकाजवळच्या एका गावात एका लागोसवाल्या व्यापाऱ्याचं गावाकडचं घर होतं. मी छान प्लॅन काढला, मागे सिट-आउट, पुढे पार्किंग, मध्ये मोठा हॉल, बाहेरून कुणाची नजर जाऊ नये म्हणून आठ फुटी भिंत. क्लायंट खूश. मग त्याचे थोरले काका आले, ड्रॉइंग हातात घेऊन उलटसुलट फिरवलं आणि विचारलं, ओजी कुठे फोडायचा? ओजी म्हणजे कोला नट. पाहुणा आला की पहिल्यांदा ओजी, बाकी सगळं नंतर, "जो ओजी आणतो तो आयुष्य आणतो" अशी त्यांच्यात म्हणच आहे. मी म्हटलं, हॉलमध्ये फोडा की. काका म्हणाले, आणि जो भांडायला आलाय तोही हॉलमध्ये येणार का, जिथे घरातली बायका-मुलं टीव्ही बघतायत? मला उत्तर देता आलं नाही. क्लायंट मान खाली घालून बसला होता, काकांपुढे तो लागोसवाला वगैरे कोणी नव्हता.

तर काका ज्याबद्दल बोलत होते ती म्हणजे ओबी, काही भागांत ओबू म्हणतात. घरातल्या कर्त्या पुरुषाचं बसायचं घर, कंपाउंडच्या दारातून आत आलं की अगदी समोर. पुढची बाजू बऱ्याचदा मोकळी किंवा अर्धी भिंत, वळचण खूप खाली आलेली. ती खाली का, तर पाऊस. तिकडे ओवेरीच्या बाजूला वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पडतो, लाल मातीची भिंत त्या पावसात उघडी ठेवली तर दोन सीझनमध्ये संपली, म्हणून छप्पर पार खाली ओढून घेतात. आता याचा परिणाम असा की आत शिरताना उंच माणसाला वाकावंच लागतं. बरेच लेख लिहितात की "नम्रतेचं प्रतीक म्हणून दार ठेंगणं". अहो, प्रतीक वगैरे नंतर, आधी भिंत वाचवायची असते. पण वाकायची सवय लागली की तिला अर्थ चिकटतो हेही खरं, त्यामुळे डिझर्टेशनमध्ये दोन्ही लिहा आणि क्रम मात्र उलटा करू नका.

ओबीत काय असतं? घरमालकाचा इकेंगा, म्हणजे त्याच्या उजव्या हाताचा, त्याच्या कर्तृत्वाचा लाकडी देव. घराण्याचा ओफो, म्हणजे एका ठराविक झाडाची काठी, आणि ती ज्याच्या हातात त्याने खोटं बोलायचं नाही, कारण त्या काठीमागे सगळे पूर्वज उभे आहेत. म्हणजे बैठकीची खोली, देवघर आणि गावपातळीवरचं कोर्ट, सगळं एकाच छपराखाली. वाटणीचा वाद, बायको माहेरी निघून गेली त्याची बोलणी, कुणाच्या बोकडानं कुणाचं रताळं (आपलं रताळं नव्हे हं, यॅम, हातभर लांब कंद, त्यांचं मुख्य पीक) खाल्लं, सगळं इथे येतं. ओजीवर प्रार्थना म्हणतो सगळ्यांत वयस्कर माणूस, तुकडे वाटत फिरतो धाकटा, पाहुणे वेगवेगळ्या गावचे असले तर आधी कुणाला दाखवायचा याचाही क्रम ठरलेला, त्यामुळे कोण कुठे बसलंय हे डोळ्यांनी दिसायला पाहिजे. अर्धवर्तुळ करून बसायला जागा लागते. आणि एकदा एकाच ओजीचे तुकडे दोघांनी खाल्ले की त्या बैठकीत तरी एकमेकांचं वाईट चिंतायचं नाही. म्हणून ओबी दारासमोर, उघडी, येणाऱ्याला आतला माणूस दिसेल आणि आतल्याला येणारा दिसेल अशी. वैऱ्यालाही तिथपर्यंत यायचा हक्क आहे, त्यापुढे घरात नाही. ही नैतिकता आहे, आणि ती अक्षरशः प्लॅनमध्ये मोजता येते, दारापासून ओबी किती फूट, ओबीपासून मागची घरं किती फूट.

मागे काय, तर बायकांची घरं. जुन्या काळात एकाहून जास्त बायका असायच्या आणि प्रत्येकीचं वेगळं घर, वेगळी चूल, तिची मुलं तिच्यापाशी. या आईच्या घराला काही भागांत म्कपुके म्हणतात. आता आपल्याकडचे लोक ऐकतात आणि लगेच म्हणतात अरे बापरे, पण प्लॅनच्या नजरेनं बघा: बाईला स्वतःच्या दाराचं, स्वतःच्या चुलीचं, स्वतःच्या छपराचं घर आहे, आणि नवरा तिच्याकडे जातो. ओबीत जेवण येतं ते या चुलींवरून. म्हणजे ओबी वरून कितीही रुबाबदार दिसली तरी ती स्वतः शिजवत नाही, मागच्या घरांनी पाठवलं तर पुढचा माणूस जेवणार. एका बापाची मुलं आणि एका आईची मुलं यांच्यासाठी त्यांच्या भाषेत वेगळे शब्द आहेत, उमुन्ना आणि उमुन्ने, आणि दोन्ही नात्यांना कंपाउंडमध्ये आपापली जागा आहे.

पण गोग्गोड चित्र काढू नका. बाईनं ओजी फोडायचा नाही हा नियम अजूनही बऱ्याच ठिकाणी पाळतात. ओबी जाते थोरल्या मुलाकडे. न्नोबीसारख्या गावात मुलगा नसेल तर मुलीला विधी करून मुलाचा दर्जा द्यायचे आणि ओबी तिच्या हातात राहायची अशी सोय होती, पण ती सोयच, सरसकट हक्क नव्हे. शेवटी २०१४ मध्ये नायजेरियाच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की मुलींना वडिलांच्या मालमत्तेतून वगळणारी इग्बो प्रथा घटनेविरुद्ध आहे. निकाल झाला, गावात तो कितपत पोचला हा वेगळा विषय.

आता जमीन. अला, काही बोलींत आनी, ही भूदेवी, आणि इग्बो नीतीचा सगळा पाया ती आहे, म्हणजे उपमा म्हणून नाही, सरळ शब्दात. रूढीला शब्द आहे "ओमेनाला", जे या भूमीत चालतं ते. घोर पापाला शब्द आहे "न्सो अला", भूमीला न चालणारं. स्वतःच्या माणसाचा खून, नात्यात व्यभिचार, रताळ्यांची चोरी हे सगळं माणसाविरुद्धचे गुन्हे तर आहेतच पण आधी जमिनीविरुद्धचे. म्हणून रताळ्यांचं कोठार, ओबा, बघितलंत तर हसू येईल. उभ्या काठ्यांच्या रांगा, त्यांना एकेक कंद बांधलेला, वर थोडी सावली, बाजूला कुंपण. आरपार दिसतं. हवा खेळायला पाहिजे नाहीतर कंद सडतो हे तांत्रिक कारण आहेच, पण माणसाची वर्षाची सगळी कमाई अशी दिसेल तशी उभी ठेवायची हिंमत कुलपातून येत नाही.

पायाचं काम करणाऱ्यानं दोन झाडं ओळखायला शिकावीत. एक ओगिरिसी. हद्दीवर लावतात, जिवंत खांब, फांदी रोवली की जगते, आणि देवस्थानापाशीही तेच झाड. हद्दीची खूण आणि पवित्र झाड एकच असल्यावर रात्रीत खूण सरकवणं किती जड जाईल बघा, आपल्याकडे बांध कोरतात तसं करायला छाती लागते. दुसरं म्हणजे माडासारख्या तेलताडाची कोवळी पिवळट पाती, ओमू. प्लॉटवर ओमू बांधलेली दिसली की थांबायचं, जागा वादात आहे किंवा देवाची आहे. मी एका साइटवर सकाळी गेलो तर खड्ड्याशेजारी काठीला ओमू लटकतेय आणि माझे सहाच्या सहा मजूर रस्त्याच्या पलीकडे भिंतीवर बसलेत. कुणाची सही नाही, नोटीस नाही, शिक्का नाही. नऊ दिवस काम बंद, एकानं फावड्याला हात लावला नाही. आपल्याकडच्या कोर्टाच्या स्टेला एवढी किंमत मिळालेली मी पाहिली नाही!

बांधकामाबद्दल थोडं. लाल माती पायानं तुडवायची, थर घालायचा, तो वाळला की वरचा थर, कोरड्या दिवसांत म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, जेव्हा शेतीची घाई नसते. भाऊबंद आणि बरोबरीच्या वयाची मंडळी येऊन काम करतात, त्यांच्यात वयाप्रमाणे गट असतात. पैसे नाहीत, जेवण आणि ताडी. आपल्या कोकणात घर शाकारायला वाडीतली माणसं यायची तसं. पुरुष भिंती आणि छप्पर करणार, बायका गिलावा, जमीन चोपणं-सारवणं आणि रंगवणं. याचा अर्थ असा की ज्याचं कुणाशी पटत नाही त्याचं घर उभंच राहत नाही, साधा हिशोब. सिमेंट ब्लॉक आणि पत्रा आल्यावर हे तुटलं, कारण ब्लॉक विकत मिळतो आणि त्याला भाऊबंदांशी बोलावं लागत नाही. मी सिमेंटला शिव्या देणाऱ्यांपैकी नाही, पत्र्याखाली उकडतं हे मान्य, पण दरवर्षी छप्पर बदलायच्या कटकटीतून सुटलेल्या माणसाला परंपरा शिकवायला मी तरी जाणार नाही.

भिंतीवरची उली कलाही बायकांची. अंगावर काढतात ती एका झाडाच्या फळांच्या रसानं, भिंतीवर काढतात ती पांढरी, पिवळी, लाल माती आणि कोळशानं. नागाचं वेटोळं, ओजीच्या चार पाकळ्या (चार पाकळ्या म्हणजे त्यांच्या आठवड्याचे चार वार, एके, ओरिये, आफो, न्क्वो), बारीक रेघ आणि भोवती भरपूर रिकामी जागा. पाऊस आला की जाते, पुढच्या वर्षी परत. उचे ओकेके, ओबिओरा उदेचुक्वू या चित्रकारांनी पुढे न्सुक्का विद्यापीठात ती कागदावर-कॅनव्हासवर आणली, त्यावर वाचायला पुष्कळ मिळेल म्हणून मी इथे थांबत नाही. ऑकाच्या सुतारांचे कोरीव दरवाजेही तसेच, फोटो सगळीकडे आहेत. एवढंच लक्षात ठेवा की तसं दार पैसे आहेत म्हणून लावता येत नव्हतं, ओझो ही पदवी घेतलेल्या माणसाचा तो मान, आणि ओझोवाल्यानं खोटं बोलायचं नाही अशी अपेक्षा. दारावरच जाहीर केलंय म्हटल्यावर गावाला जाब विचारता येतो.

आता म्बारी. इथे मी रेंगाळणार आहे कारण तुमच्या विषयाचा गाभा माझ्या मते इथे आहे.

ओवेरीच्या आसपासची गोष्ट. गावावर काही संकट आलं, रोगराई, पीक बुडालं, तर देव सांगतो, बहुतेकदा अला, कधी अमादिओहा हा विजेचा देव, की माझ्यासाठी म्बारी बांधा. मग घराघरांतून पुरुष-बायका निवडून पाठवायच्या, त्यांनी कुंपणाच्या आत राहायचं, गावापासून वेगळं, काही महिने, कधी वर्षांवर. माती आणायची ती वारुळाची. आणि तिला माती म्हणायचं नाही, रताळं म्हणायचं. ती कुटून, मळून त्यातून घर आणि माणसाएवढ्या मूर्ती. मध्ये अला, मांडीवर मूल घेऊन बसलेली. भोवती सगळं जग: जनावरं, बाळंत होणारी बाई, साहेबी टोपीतला इंग्रज अधिकारी, जमिनीतल्या भोकातून डोकं वर काढणारा गोरा माणूस, आणि ज्या गोष्टी करायच्या नाहीत, बोलायच्याही नाहीत, त्यासुद्धा. न्सो अला भिंतीपाशी उघडी मांडलेली. लोक बघायला येतात, हसतात, लाजतात, पोरांना विचारतात हे काय चाललंय सांग. नीतीचं पुस्तक नव्हे, पण चर्चेला विषय मिळतो.

मग कुंपण काढतात, मोठी मेजवानी होते. आणि त्यानंतर? काहीच नाही. कुणी राहत नाही, कुणी दुरुस्त करत नाही. पाऊस लागतो, रंग जातो, हात गळतात, छप्पर बसतं, काही वर्षांत वारुळाची माती परत जमिनीत. पुढच्या पिढीवर वेळ आली तर नवीन.

मी जतनाचं काम करणारा माणूस, माझा हात पहिल्यांदा ड्रेनेजकडे गेला, एवढी सुंदर गोष्ट आणि कुणी चर खणायला तयार नाही! पण जरा विचार करा. ज्या समाजात "इग्बोंना राजा नाही" अशी म्हण आहे (ओनित्शा, न्री इथे राजे होते, म्हणून म्हण जशीच्या तशी घेऊ नका), जिथे योरुबा किंवा बेनिनसारखे राजवाडे गावागावांत नाहीत, तिथे सगळ्यांत जास्त मेहनत, सगळ्यांत चांगले कारागीर आणि सगळ्यांत लांबचं काम लावलं गेलं ते कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या, कुणी राहणार नसलेल्या आणि पडणारच असलेल्या इमारतीवर. देणं देऊन झालं की ते देवाचं, त्याची राखण आपण करायची नाही. ही भूमिका तुम्हाला पटो न पटो, पण ती भूमिका आहे, हलगर्जीपणा नव्हे. पुढे सिमेंटच्या म्बारी झाल्या, ओवेरीत म्बारी कल्चरल सेंटरही आहे, आणि सिमेंटची म्बारी पडत नाही हाच तिचा घोळ. मूळ प्रथा चर्च आणि नंतर १९६७ ते १९७० चं बियाफ्राचं यादवी युद्ध यांच्यात बहुतेक संपली.

काळी बाजू लिहायला विसरू नका, गाइड नको म्हणाले तरी. जी भूमी सगळ्यांना आई, तिनेच काहींना बाहेरही ठेवलं. जुळी मुलं अशुभ मानून रानात टाकायचे. ओसू म्हणजे देवाला वाहिलेली माणसं आणि त्यांचे वंशज, ज्यांच्याशी लग्नसंबंध नाही. आपल्याकडे गावकुसाबाहेर म्हणतात, ओसूंची वस्ती मात्र देवस्थानाला लागून, पण अंतर तेच. १९५६ मध्ये पूर्व नायजेरियाच्या सरकारनं कायद्यानं ओसू प्रथा बंद केली, लग्न ठरताना मात्र चौकशी अजून होते. साइट प्लॅनमध्ये ही रेघ दिसते, आणि जो विद्यार्थी फक्त ओबी आणि उली दाखवतो त्यानं अर्धाच प्लॅन काढला असं मी म्हणेन.

आजचं काय? मृत माणसाला अजूनही स्वतःच्या कंपाउंडात पुरतात, त्यामुळे गावात घर नसणं ही मोठी नाचक्की. युद्धानंतर पोर्ट हारकोर्टसारख्या शहरात इग्बोंची घरं "सोडून दिलेली मालमत्ता" म्हणून हातची गेली, त्या धक्क्यानं "आकू रुओ उलो", संपत्ती घरी पोचू दे, ही म्हण आणखी घट्ट झाली. म्हणून लागोसमध्ये भाड्यानं राहणारा माणूस गावात तीन मजली बंगला बांधतो आणि तो ख्रिसमस सोडून वर्षभर बंद. दिखावा आहे का? आहे. कर्तव्य आहे का? तेही आहे. दोन्ही एकाच इमारतीत राहतात.

कामाचं सांगायचं तर पोलिश आर्किटेक्ट द्मोखोव्स्कीनं नायजेरियाभर फिरून मोजमापासकट जी ड्रॉइंग्ज काढली, ती १९९० मध्ये तीन खंडांत आली, त्यातला शेवटचा खंड इग्बो भागावर आहे, तिथून सुरुवात करा. आणि डेमस न्वोको हे आर्किटेक्ट बघा, इदुमुजे-उग्बोको गावचे, मूळ चित्रकार-शिल्पकार, लाल मातीत सिमेंट मिसळून स्वतःचं मटेरियल केलं, २०२३ मध्ये व्हेनिस बिएनाले या आर्किटेक्चरच्या मोठ्या प्रदर्शनानं जीवनगौरवाचा गोल्डन लायन दिला. आणि प्रत्येक प्लॅनवर लाल पेननं लिहा: परका कुठपर्यंत येतो, धाकटा कुठे बसतो, जेवण कुठून येतं, मेलेला कुठे आहे.

त्या व्यापाऱ्याच्या घराचं राहिलंच. पार्किंग बाजूला सरकवलं, भिंत चार फुटांवर आणली आणि दारासमोर ओबी बांधली, काँक्रीटचे खांब, पत्र्याचं छप्पर, पंखा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. हॉलमधल्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. पुढच्या वर्षी मी भेटायला गेलो तेव्हा ओबीत काका बसले होते आणि दोन भाऊ ओगिरिसीच्या एका झाडावरून तावातावानं बोलत होते. मला बघून काकांनी दोघांना गप्प केलं, ओजीची बशी आधी माझ्यापुढे धरली, मला शिकवलं होतं त्याप्रमाणे मी हात लावून परत त्यांच्याकडे दिली. प्रार्थना झाली, तुकडे वाटले, आणि भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू. ओजीला इंग्रजी कळत नाही असं ते लोक म्हणतात, त्यामुळे सगळं इग्बोतच, आणि झाड कुणाच्या बाजूला गेलं ते मला आजपर्यंत माहीत नाही.